पुरी-चिल्का सहली नेणाऱ्या टूरवाल्यांना खुलं पत्र

सर्व टूर ऑपरेटर, टूर मॅनेजर आणि दरवर्षी हौसेनं आपापल्या सोसायटीचा, भजनी मंडळाचा, ज्येष्ठ नागरिक संघाचा ग्रुप घेऊन जाणारी मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

पुणे, मुंबई, नाशिक, सांगली, सोलापूर, कुठूनही निघणारी ओडिशाची सहल घ्या, कार्यक्रम जवळपास एकच असतो. भुवनेश्वर, लिंगराज, धौली, कोणार्क, पुरीला जगन्नाथाचं दर्शन, आणि मग पुरीच्या मुक्कामात कुठेतरी कोंबलेली एक ओळ, "चिल्का सरोवर, बोटीतून डॉल्फिन दर्शन". ती ओळ मी आईवडिलांसोबत अशाच एका टूरमधून अनुभवलीय आणि नंतर आपलं आपण जाऊन तेच चिल्का निवांत बघितलंय. दोन्हींत इतका फरक पडला की हे पत्र लिहायला बसलो. टूरचं नाव घेत नाही, कारण बाकीची व्यवस्था अगदी चोख होती, जेवण, हॉटेल, व्हीलचेअर, सगळं, आणि हा प्रश्न एका कंपनीचा नाहीच, सगळ्यांचाच कार्यक्रम त्याच साच्यातला आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं की चिल्काला अर्ध्या दिवसात उरकू नका, तिथे एक पहाट आणि एक मुक्काम द्या, आणि डॉल्फिनचा पाठलाग बंद करायला लावा. हे तुमच्या हातात आहे, कारण नाववाला ज्याच्या सांगण्यावरून इंजिन चालू-बंद करतो तो माणूस बहुतेक वेळा तुमचा मॅनेजर असतो.

आधी वेळेचं बोलू. आमच्या दिवसाचा क्रम असा होता, पुरीच्या हॉटेलात साडेआठला नाश्ता, साडेनऊला बस, चिल्काकाठी जिथून नावा सुटतात त्या साताप्पड्याला पोहोचेपर्यंत अकरा वाजून गेलेले (पुरीहून अंतर पन्नासेक किलोमीटर आहे, पण रस्ता गावांमधून जातो), मग नावांची तिकिटं, लाईफ जॅकेटं, फोटो, आणि पाण्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर. ओडिशा पूर्वेला आहे हो. जानेवारीत पुण्यात सात वाजले तरी सूर्य वर यायचा असतो, तिकडे साडेसहाच्या आत लख्ख उजाडलेलं असतं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य मावळलेला असतो. आपण पुण्याच्या घड्याळानं नाश्ता ठेवतो आणि पक्ष्यांच्या दिवसातले सगळ्यात चांगले तीन तास हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये जातात. आपले आजी-आजोबा काकडआरतीला पहाटे चारला उठून तयार असतात, जगन्नाथाच्या मंगलआरतीला कुणी तक्रार करत नाही, मग चिल्कासाठी पाचला बस काढली तर कोण नाही म्हणणार आहे?

दुसरं म्हणजे तिथे नेताना लोकांना हे काय आहे ते सांगतच नाहीत. "आशियातलं सगळ्यात मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर" एवढं माईकवर सांगून मॅनेजर खाली बसतो. पण गंमत त्यातच आहे ना, की हे धड सरोवर नाही, धड समुद्र नाही. बंगालच्या उपसागराला लागून वाळूची एक लांबच लांब पट्टी आणि तिच्या आत अडकलेलं साधारण चौसष्ट किलोमीटर लांबीचं उथळ पाणी, पावसाळ्यात पसरून साधारण ११६५ चौरस किलोमीटर होतं आणि उन्हाळ्यात आटून नऊशेच्या आसपास येतं. उत्तरेकडून दया, भार्गवी या महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येतं आणि दुसरीकडून मुखातून, म्हणजे वाळूच्या पट्टीतल्या वाटेतून, समुद्राची भरती आत शिरते. म्हणून उत्तरेला गोड्या पाण्यातलं लव्हाळं आणि बोरू, मुखाजवळ खारं पाणी, आणि मधे सगळ्या छटा, आणि त्याही ऋतूप्रमाणे सरकत राहतात. तुम्ही धौलीला लोकांना नेता तेव्हा गाईड टेकडीवरून दया नदी दाखवतो, कलिंगचं युद्ध, अशोक, सगळं सांगतो. त्याच वेळी एक वाक्य जास्त सांगा की हे पाणी पुढे चिल्काला जातं आणि आपण परवा तिथे जाणार आहोत. माणसं दोन दिवस आधीपासून वाट बघतील.

आणि हे सरोवर एकदा हातचं जायला आलं होतं, ही गोष्ट तर कुठल्याच टूरमध्ये सांगितलेली मी ऐकली नाही. १९८१ मध्ये भारतातल्या पहिल्या रामसर स्थळांमध्ये, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये, चिल्काचं नाव होतं, भरतपूरच्या बरोबरीनं. पण नद्यांचा गाळ भरत गेला, समुद्राचं मुख सरकत सरकत लांब गेलं आणि बुजायला लागलं, पाण्याचा खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या, मासळी कमी झाली, आणि १९९३ मध्ये धोक्यात आलेल्या पाणथळ जागांच्या यादीत, म्हणजे माँट्रो रेकॉर्डमध्ये त्याची नोंद झाली. मग चिल्का विकास प्राधिकरणानं सगळा अभ्यास करून सप्टेंबर २००० मध्ये वाळूची पट्टी कापून समुद्राला नवीन मुख काढून दिलं. भरतीचं पाणी परत आत यायला लागलं, मासळी काही पटींनी वाढली, आणि २००२ मध्ये त्या यादीतून चिल्काचं नाव निघालं, असं नाव निघालेली आशियातली ती पहिली जागा. त्याच वर्षी प्राधिकरणाला रामसरचा पुरस्कारही मिळाला. आपल्याकडे सरकारी काम म्हटलं की लोक नाक मुरडतात, तर हे एक काम आहे जे अभिमानानं सांगावं. साताप्पड्याहून नावेत बसवून तुम्ही ज्या "सी माउथ"ला नेता ना, तो प्रवास या सगळ्या गोष्टीतूनच चाललेला असतो, फक्त नावेत बसलेल्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

आता डॉल्फिन. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त मला तेच लागलं.

चिल्कातला डॉल्फिन म्हणजे इरावडी डॉल्फिन. आपण कोकणात तारकर्ली, दापोली, गुहागरकडे जे बघतो ते वेगळे, ते समुद्रात फिरणारे. चिल्कातल्याला चोच नसते, डोकं गोल, बोथट, रंग पाटीसारखा करडा, पाठीवर छोटासा बोथट पर. पाण्याबाहेर उड्या मारणं हा त्याचा स्वभाव नाही. शांतपणे वर येतो, गोल कपाळ दिसतं, फुस्स असा श्वास ऐकू येतो, पाठ वळते आणि पाणी मिटतं. बस. टीव्हीवर बघितलेल्या शोसारखं काही होत नाही. आणि संख्या किती, तर अख्ख्या चिल्कात दीडशेच्या थोडे वर. जगात ही जात धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं संरक्षण. मादी एका वेळी एकच पिल्लू देते, त्यामुळे एक जरी जाळ्यात अडकून किंवा नावेच्या पंख्याच्या पात्यानं गेला तरी तो मोठाच तोटा.

आणि आम्ही काय केलं? एका नाववाल्याला पाठ दिसली, त्यानं हात केला, आणि चारी बाजूंनी सात-आठ नावा भटभट करत तिकडे धावल्या. आमच्या नावेतून लोक ओरडतायत "तो बघा, तो बघा", कुणी शिट्ट्या मारतंय, मॅनेजर नाववाल्याला सांगतोय आणखी जवळ घे, वर पैसे देतो. डॉल्फिन बुडाला तो लांब जाऊन वर आला, परत सगळ्या नावा तिकडे. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या शेजारी दुसरी, अर्ध्या आकाराची पाठ दिसली. पिल्लू होतं बरोबर. तरी कुणी थांबलं नाही. माझ्या आईनं शेवटी म्हटलं की अरे त्याला जाऊ द्या की, आणि ती त्यानंतर पाण्याकडे बघेचना.

नंतर परत गेलो तेव्हा सकाळी लवकर एक म्हातारा नाववाला मिळाला. त्याला फक्त एवढंच सांगितलं की आम्हाला मागे लागायचं नाही, लांब थांब आणि इंजिन बंद कर. त्याला जो आनंद झाला, खरंच. त्यानं नाव एका बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि आम्ही बसून राहिलो. पाण्यावर खांब रोवलेले, त्यावर सुरय पक्षी बसलेले, लांबून कुठल्या तरी गावातला भोंगा ऐकू येत होता. मग फुस्स. आधी आवाज आला आणि मग दिसला, नावेपासून लांब होता पण त्याला घाई नव्हती. तीन होते, तेवढ्या पट्ट्यात मासे धरत पुढेमागे करत होते, बराच वेळ. पाठलाग केला की डॉल्फिन दहा सेकंद दिसतो, थांबलं की तो आपलं काम करताना दिसतो, आणि ग्राहकाच्या पैशाचं मोल कशात जास्त आहे ते तुम्हीच ठरवा. नाववाला म्हणाला (हिंदी तोडकंमोडकं, माझंही तसंच) की आम्हाला पण नाही आवडत मागे लागायला, पण पार्टी ओरडते, डॉल्फिन दाखवला नाही तर भाड्यावरून वाद घालते. म्हणजे बघा, दबाव आपल्याकडूनच येतोय. तुम्ही पत्रकावर "डॉल्फिन दर्शन" असं छापून टाकता, मग माणूस ते वसूल करायलाच बसतो.

तर कृपा करून तिथे "चिल्का सरोवरात नौकाविहार, नशीब असेल तर डॉल्फिन" असं लिहा, बसमध्ये आदल्या रात्री दोन मिनिटं समजावून सांगा, आणि नाववाल्याला आधीच ठरवून द्या की डॉल्फिन दिसो न दिसो तुला पूर्ण पैसे मिळतील, जवळ नेण्याचं वेगळं बक्षीस कुणी देणार नाही. एवढ्यानं अर्धा प्रश्न सुटतो.

त्या मुखाजवळच्या वाळूवर आणखी काही प्रकार चालतात, शिंपला फोडून त्यातून मोती काढून दाखवायचा आणि विकायचा, लाल खेकडे डब्यात धरून ठेवायचे आणि लोकांसमोर ओतायचे. मोत्याच्या नादात आमच्या ग्रुपमधल्या दोन मावश्या चांगल्या फसल्या. खेकडे वाळूत आपापल्या बिळांपाशी असतात, लांब उभं राहिलं की दोन मिनिटांत सगळा किनारा लाल होतो. तेवढं थांबायला सांगा, बाकी काही नको.

आता ज्याच्यासाठी मी सगळ्यात जास्त आग्रह करतोय ते, मंगलाजोडी. तुमच्या शंभरातल्या नव्वद टूर तिथे जात नाहीत आणि मला याचं फार वाईट वाटतं.

मंगलाजोडी हे चिल्काच्या उत्तर काठावरचं गाव, खुर्दा जिल्ह्यात, टांगीजवळ, भुवनेश्वरहून सत्तरेक किलोमीटर, हायवेनं दीड तास. या गावात एकेकाळी पक्षी मारून विकणं हा सर्रास धंदा होता, विष घालून, बंदुकीनं, अंडीसुद्धा गोळा करायचे. वाइल्ड ओडिशा संस्थेच्या लोकांनी गावकऱ्यांशी बोलत बोलत हे बदलायला घेतलं, २००० मध्ये गावातच श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती झाली, आणि जे शिकारी होते तेच राखणदार झाले, पुढे तेच गाईड झाले. २०१८ मध्ये इथल्या इकोटुरिझम ट्रस्टला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे भिगवणला ज्यांनी मच्छीमारांच्या होडीतून फ्लेमिंगो बघितलेत त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते, पाण्यावर वाढलेल्या माणसाची नजरच वेगळी असते.

तिथे मोटरबोट नाही. होडी बांबूनं ढकलत नेतात. बोरूच्या दोन भिंतींमधून पाण्याची वाट जाते आणि पक्षी इतके जवळ असतात की दुर्बीण लावली तर पक्षी त्यात मावत नाही. शेकाट्या आपल्या लाल काटक्यांसारख्या पायांवर, कमळपक्षी पानांवरून चालत, चक्रवाकांच्या जोड्या, तलवार बदकं, गडवाल. ब्लॅक-टेल्ड गॉडविट शेकड्यांनी उभे, चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून, डोकं पाण्याखाली जातं इतकी खोल. एक जांभळी पाणकोंबडी आमच्यापासून चार हातांवर बोरूचा कोंब उपटून, आपण ऊस धरतो तसा एका पायाच्या मुठीत धरून सोलून खात होती, सालं बाजूला टाकत होती आणि मधेच आमच्याकडे बघत होती. आमचा गाईड पन्नाशीचा, पक्ष्यांची इंग्रजी नावं त्याला तोंडपाठ, आणि त्यानं स्वतःहून सांगितलं की लहानपणी वडिलांबरोबर हेच पक्षी धरायला यायचो. सांगताना त्यानं नजर चोरली नाही की फुशारकी मारली नाही. मी त्याला काय विचारावं ते मला कळेना, मग त्यानंच बोट करून घार दाखवली आणि आम्ही पुढे निघालो.

या पक्ष्यांतले कितीतरी हिमालयाच्या पलीकडून, मध्य आशिया, मंगोलिया, सायबेरियाकडून येतात. जानेवारीत गणना होते तेव्हा अख्ख्या चिल्कात दहा-अकरा लाख पक्षी मोजले जातात. नलबण नावाचं एक बेट आहे सरोवराच्या मधोमध, साडेपंधरा चौरस किलोमीटरचं, पावसाळ्यात पाण्याखाली जातं आणि हिवाळ्यात चिखल उघडा पडला की लाखो पक्षी तिथे उतरतात, १९८७ पासून ते अभयारण्य आहे. तिकडे नाव घुसवायचा हट्ट कुणी करू नये, लांबून दिसतं ते भरपूर असतं.

तुमची अडचण मला माहितीय. मंगलाजोडीच्या होडीत चार-पाच माणसं बसतात आणि तुमची बस चाळीस जणांची असते. पण आधी फोन करून ठेवला तर होड्या मिळतात, आणि दोन बॅच करता येतात, एक बॅच पाण्यावर, दुसरी बांधावरून चालत, बांधावरूनसुद्धा भरपूर दिसतं आणि ज्यांना होडीत चढता येत नाही त्यांची सोय होते. भुवनेश्वरच्या मुक्कामातून पहाटे साडेचारला निघालात तर उजाडता उजाडता पोहोचता. नाश्ता तिथेच गावात घ्या, पैसे गावात राहतील. मग तसंच पुढे चिल्काकाठच्याच बरकूल किंवा रंभाला मुक्काम करा, संध्याकाळी पाणी बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी कालीजाईच्या बेटावर जा. कालीजाईची गोष्ट लोकांना सांगा, सासरी निघालेली जाई नावाची मुलगी, वादळात नाव उलटली, ती बुडाली आणि नावाड्यांची देवी झाली. आपल्या बायका ही गोष्ट ऐकून गप्प होतात, मी बघितलंय.

आणि तुमचे प्रवासी मुळात जगन्नाथासाठी आलेले असतात, मग त्यांना माणिकपाटणाची गोष्ट का सांगत नाही? कांचीच्या लढाईला निघालेले जगन्नाथ आणि बलभद्र, एक काळ्या आणि एक पांढऱ्या घोड्यावर, वाटेत तहान लागली म्हणून चिल्काकाठच्या माणिक गवळणीकडून दही घेऊन प्यायले आणि पैशाऐवजी अंगठी देऊन पुढे गेले. साताप्पड्याच्या त्याच पाण्याच्या पट्ट्यात माणिकपाटणा आहे. विठ्ठलाला जनाबाईबरोबर दळायला बसवणारी आपली माणसं, त्यांना ही गोष्ट लगेच आपली वाटेल.

ऋतूचंही खरं सांगा. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मार्चमध्ये ते परतायला लागतात. मे महिन्याच्या सुट्टीतल्या टूरच्या पत्रकावर बदकांच्या थव्याचा फोटो छापणं ही सरळ फसवणूक आहे, त्या फोटोखाली महिने लिहा. मेमध्ये नेणारच असाल तर सरोवर म्हणून न्या, पाणी आहे, बेटं आहेत, तेही सुंदरच आहे.

जेवणाबद्दल एकच. चिल्काचे खेकडे, चिंगुडी म्हणजे कोळंबी, खैंगा मासा, खाणाऱ्यांनी जरूर खा, साधारण दोन लाख लोकांचं पोट या सरोवरावर आहे. पण "मोठ्यात मोठी कोळंबी पाहिजे" असा हट्ट धरताना हेही माहीत असू द्या की कोळंबीसाठी बेकायदा जाळ्यांची कुंपणं घालून, त्याला तिकडे घेरी म्हणतात, पाणी अडवलं गेलं होतं आणि त्यावरून तिथे मोठी आंदोलनं झाली, १९९९ मध्ये गोळीबारात मच्छीमारांचे जीव गेले. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं चिल्काभोवतीच्या एक हजार मीटरच्या पट्ट्यातली कोळंबीशेती बंद करायला सांगितली होती. अलीकडे घेऱ्या हटवल्या गेल्या तेव्हा मोकळ्या झालेल्या पाण्यात डॉल्फिन परत दिसायला लागले.

आणि नावेत स्पीकर नको. थर्माकोलच्या प्लेटा नकोत. वेफर्सच्या पिशव्या वाऱ्यानं उडतात आणि पाण्यात जातात, त्या नावेत न्यायच्याच नाहीत असं बसमधून उतरतानाच सांगा. आपली माणसं ऐकतात, सांगणारा पाहिजे.

जे कोणार्क एक्सप्रेसनं ग्रुप नेतात त्यांनी एवढं करा, ब्रह्मपूर सोडलं की उजव्या हाताच्या खिडक्यांकडे बसायला सांगा, रंभा ते बालूगाव गाडी चिल्काच्या काठाकाठानं जाते. त्यासाठी काही खर्च नाही.

पुढच्या हिवाळ्याची पत्रकं तुम्ही गणपतीच्या आसपास छापता. त्याआधी या कार्यक्रमात मंगलाजोडीची एक पहाट आणि चिल्काकाठचा एक मुक्काम घाला, त्यासाठी माणशी जे काही जास्त लागतील ते लावा, लोक देतील, निदान दोन पर्याय तरी ठेवा. चिल्कातल्या नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांची मराठी नावं आणि चित्रं असलेलं एक पान मी तयार केलंय, बसमध्ये वाटायला ज्यांना पाहिजे त्यांनी मागून घ्या, पैसे नकोत.

कळावे, लोभ असावा.

तुमच्याच टूरमधला एक प्रवासी, पुणे